दामोदर कोसंबी : पत्त्यांचा हिशेब आणि आयुष्याची पैज

पोकर या पत्त्यांच्या खेळात शेवटच्या फेरीत ज्याला सर्वांच्या आधी बोलावे लागते, त्याची खरी कसोटी असते. मागून बोलणाऱ्याला इतरांचा अंदाज आलेला असतो; पहिल्याला काहीच ठाऊक नसते. अशा जागी मध्यम पानांवर मोठी पैज लावली, तर हलकी पाने असलेले डाव सोडतात आणि भारी पाने असलेलेच समोर उभे राहतात. म्हणजे लाभ थोडा, तोटा मोठा. हंगेरीत जन्मलेले थोर गणिती जॉन फॉन न्यूमन यांनी हे गणिताने मांडले. पहिल्याने उत्तम पानांवर पैज लावावी, क्वचित टाकाऊ पानांवर हूल द्यावी, पण मध्यम पाने असताना पैसे न लावता पुढच्याला बोलू द्यावे. खेळांच्या गणितावरचा त्यांचा व मॉर्गेनस्टर्न यांचा ग्रंथ 1944 साली निघाला.

याच फॉन न्यूमन यांची 1949 साली प्रिन्स्टन येथे आपल्या एका गोमंतकीय विद्वानाशी भेट झाली. ते दामोदर धर्मानंद कोसंबी.

दामोदरांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे व बौद्ध धर्माचे नामांकित पंडित. त्यांच्याबरोबर दामोदर 1918 साली अमेरिकेस गेले आणि 1929 साली हार्वर्डची पदवी घेऊन स्वदेशी परतले. काशी व अलीगढ येथे शिकवून ते 1933 साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. 1945 पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते.

योगायोगाचे गणित हा त्यांचा आवडता विषय. हाताने पिसलेले पत्ते खरोखर किती मिसळतात, याची त्यांनी एका सहकाऱ्यासह चिकित्सा केली. तो निबंध 1958 साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पत्रिकेत छापून आला. चलनात फिरणारे नाणे झिजते आणि त्याचे वजन घटते. एवढ्या साध्या गोष्टीवरून, हजारो प्राचीन नाणी तोलून, त्यांनी त्यांचा कालक्रम लावण्याची रीत घालून दिली. आनुवंशशास्त्रातले त्यांचे 1944 सालचे सूत्र आजही त्यांच्याच नावाने वापरले जाते.

असा हा सावध हिशेबी. परंतु एका डावात त्याने पैज लावलीच. मूळ संख्यांविषयी जर्मन गणिती रीमान यांनी 1859 साली केलेला तर्क आजतागायत कोणाला सिद्ध करता आलेला नाही. योगायोगाच्या गणिताने तो सुटतो, असा दावा कोसंबींनी 1959 साली केला, आणि तोही शेतीविषयक संख्याशास्त्राच्या पत्रिकेत. विचार नवा होता, पण सिद्धता पुरी नव्हती. पाने मध्यम होती. मान्यवर गणितींची पारख होण्याआधीच त्यांनी सारी प्रतिष्ठा पटावर मांडली. जाणकारांनी चूक दाखवली आणि त्यांच्या नावाला धक्का बसला. 1962 साली संस्थेतील त्यांची नोकरी पुढे चालू राहिली नाही. त्याची अनेक कारणे सांगतात. हा दावा त्यांपैकी एक.

तरी ते खचले नाहीत. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, लेणी आणि खेड्यांतली दैवते पायी हिंडून पाहणे त्यांनी सोडले नाही. भारतीय इतिहासावरील त्यांचा पहिला मोठा ग्रंथ 1956 साली आला होता. प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील दुसरा 1965 साली आला. 29 जून 1966 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. 2008 साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

घाईची ती एक पैज हरली. पण पायपिटीने आणि तराजूने मिळवलेले ज्ञान शिल्लक राहिले. इतिहासाच्या अभ्यासकांना आजही त्याच्याशिवाय पुढे जाता येत नाही. हाती मध्यम पाने असताना थोडे थांबावे, हे आपल्या मुलांनी या थोर पुरुषाच्या यशाइतकेच त्याच्या अपयशातूनही शिकावे.