केकी मूस

कैखुसरू माणेकजी मूस ऊर्फ केकी मूस (२ ऑक्टोबर १९१२ – ३१ डिसेंबर १९८९) हे खानदेशातील चाळीसगाव येथील छायाचित्रकार, चित्रकार व हस्तकलाकार होते. 'टेबल-टॉप' छायाचित्रणासाठी ते विशेष ओळखले जातात.

जीवन

मूस यांचा जन्म मुंबईत पारशी कुटुंबात झाला. शेफील्डच्या बेनेट कॉलेजची व्यावसायिक कलेची पदविका मिळवल्यानंतर ते चाळीसगावात स्थायिक झाले. पाचोऱ्याप्रमाणेच मुंबई–भुसावळ लोहमार्गावर वसलेल्या या गावात, रेल्वे स्थानकानजीकच्या घरी त्यांनी पुढील सुमारे पन्नास वर्षे जवळजवळ एकांतवासात काढली. मुंबईहून प्रेयसी येईल या आशेने ते रोज रात्री रेल्वेगाडीची वाट पाहत, अशी आख्यायिका परिसरात प्रचलित आहे.

कलाकार्य

घराबाहेर क्वचितच पडत असल्याने घर हीच त्यांची कार्यशाळा झाली. टेबल-टॉप प्रकारात टेबलावर साध्या वस्तूंची लहानशी मांडणी करतात. प्रकाशयोजना आणि कॅमेऱ्याचा कोन यांच्या साहाय्याने छायाचित्रात ती खऱ्या निसर्गदृश्यासारखी भासते. या छायाचित्रांना देशविदेशांतील प्रदर्शनांत पारितोषिके मिळाली. चित्रकलेखेरीज काष्ठशिल्प, मातीकाम व कागदाच्या घड्यांची कला (ओरिगामी) त्यांनी जोपासली. जुन्या कलात्मक वस्तूंचाही त्यांनी संग्रह केला. त्यामुळे त्यांचे राहते घर स्वनिर्मित आणि संग्रहित कलावस्तूंनी सजले होते.

वारसा

मूस यांच्या निधनानंतर या घराचे कलादालन झाले असून तेथे त्यांची छायाचित्रे, चित्रे, हस्तकलाकृती व संग्रह जतन केला आहे. महानगरातील कलावर्तुळापासून दूर, तालुक्याच्या गावी झालेले हे कार्य खानदेशाच्या कलापरंपरेत महत्त्वाचे मानले जाते.