शेक एक्सली

शेक एक्सली (१ एप्रिल, १९४९: जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा – ६ एप्रिल, १९९४: झकातोन, मेक्सिको) हे अमेरिकन गुहा-पाणबुडे, लेखक आणि गणिताचे शिक्षक होते. पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये उतरण्याच्या धाडसाला त्यांनी नियमांची चौकट दिली. श्वसनासाठी वापरल्या जाणाऱ्या रेग्युलेटरला दुसरा, राखीव रेग्युलेटर जोडण्याची पद्धत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. 'ऑक्टोपस' या नावाने ओळखला जाणारा हा राखीव रेग्युलेटर आज जगभरातील हौशी स्कुबा डायव्हिंगचा अविभाज्य भाग आहे. महाराष्ट्रात तारकर्ली-मालवणच्या किनाऱ्यावर डायव्हिंग शिकणाऱ्यांनाही त्याचा वापर शिकावा लागतो.

सुरुवातीचे जीवन

एक्सली यांनी १९६५ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी डायव्हिंगला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी ते फ्लोरिडातील क्रिस्टल रिव्हर येथे प्रथमच पाण्याखालील गुहेत उतरले. उत्तर फ्लोरिडाची जमीन चुनखडकाची असून तेथे स्वच्छ पाण्याचे शेकडो झरे आणि त्यांना जोडलेल्या लांबच लांब गुहा आहेत. वयाच्या तेविसाव्या वर्षी एक हजार गुहा-बुड्यांची नोंद पूर्ण करणारे ते पहिले पाणबुडे ठरले. एकूण २९ वर्षांच्या कारकिर्दीत त्यांच्या नावावर चार हजारांहून अधिक गुहा-बुड्या जमा झाल्या. उपजीविकेसाठी त्यांनी फ्लोरिडातील लाइव्ह ओक येथे शाळेत गणित शिकवले.

अपघातांचा अभ्यास

१९६० आणि १९७०च्या दशकांत फ्लोरिडातील गुहांमध्ये अनेक पाणबुड्यांचा मृत्यू झाला. त्यांपैकी बऱ्याच जणांना खुल्या पाण्यातील डायव्हिंगचा अनुभव होता. मात्र गुहेचे प्रशिक्षण नव्हते. समुद्रात संकट आले तर पाणबुड्याला सरळ वर येण्याचा मार्ग खुला असतो. गुहेत डोक्यावर खडकाचे छत असल्याने तो मार्ग बंद असतो. अशा अपघातांनंतर मृतदेह बाहेर काढण्याच्या कामात एक्सली सहभागी होत असत.

प्रत्येक अपघात कसा घडला याची चिकित्सा करून त्यांनी मृत्यूची वारंवार आढळणारी कारणे निश्चित केली. गुहेच्या तोंडापासून अखंड दोरी न लावणे, परतीसाठी पुरेशी हवा राखून न ठेवणे आणि झेपणार नाही इतक्या खोल जाणे ही त्यांतील प्रमुख होत. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या 'बेसिक केव्ह डायव्हिंग: अ ब्लूप्रिंट फॉर सर्व्हायव्हल' या पुस्तकात त्यांनी प्रत्यक्ष अपघातांच्या आधारे सुरक्षिततेचे नियम मांडले. एकूण हवेचा एक भाग जाण्यासाठी, एक भाग परतण्यासाठी आणि एक भाग संकटासाठी राखून ठेवावा, हा एक-तृतीयांशाचा नियम त्यांपैकी एक आहे.

राखीव रेग्युलेटर

हवेच्या सिलिंडरमधील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २०० पट असतो. रेग्युलेटरचा पहिला टप्पा सिलिंडरवर बसतो आणि हा दाब सभोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे दहा वातावरणे अधिक इतका खाली आणतो. तोंडात धरायचा दुसरा टप्पा तो आणखी कमी करून श्वासापुरती हवा देतो. पूर्वी पाणबुड्याकडे असा एकच दुसरा टप्पा असे. जोडीदाराची हवा संपल्यास दोघांना तो आळीपाळीने तोंडात धरून श्वास घ्यावा लागे. घाबरलेल्या माणसाकडून तो परत मिळेलच याची शाश्वती नसे.

एकाच पहिल्या टप्प्याला दोन दुसरे टप्पे जोडण्याची कल्पना एक्सली यांच्या आधीपासून अस्तित्वात होती. मात्र गुहा-डायव्हिंगमध्ये ती नेहमीची पद्धत बनवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. या व्यवस्थेमुळे दोघांना एकाच सिलिंडरमधून एकाच वेळी श्वास घेता येतो.

हौशी डायव्हिंगमध्ये ऑक्टोपसची नळी नेहमीच्या नळीपेक्षा लांब आणि बहुधा पिवळ्या रंगाची असते. तो हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्या दरम्यान, जोडीदाराला चटकन दिसेल व एका झटक्यात सुटेल असा अडकवतात. लोंबकळत राहिल्यास त्यात वाळू शिरते किंवा तो खडकात अडकतो. आपोआप हवा वाहू नये म्हणून त्याची संवेदनशीलता मुख्य रेग्युलेटरपेक्षा किंचित कमी ठेवली जाते. पाण्यात उतरण्यापूर्वी दोन्ही रेग्युलेटरमधून श्वास घेऊन पाहणे आवश्यक असते.

या रचनेला मर्यादाही आहे. सिलिंडर रिकामा झाल्यास किंवा पहिला टप्पा बिघडल्यास त्यावर जोडलेले दोन्ही रेग्युलेटर निरुपयोगी ठरतात. त्यामुळे गुहा-पाणबुडे जोडसिलिंडरवर दोन स्वतंत्र पहिले टप्पे बसवतात. अरुंद वाटेत एकामागून एक जाता यावे म्हणून ते त्यांपैकी एका रेग्युलेटरला सुमारे दोन मीटर लांबीची नळी लावतात.

खोल बुड्या आणि मृत्यू

१९८०च्या दशकाच्या अखेरीस एक्सली यांनी मेक्सिकोतील मान्ते नदीच्या उगमकुंडात हेलियममिश्रित वायू वापरून २६० मीटरहून अधिक खोली गाठली. ६ एप्रिल, १९९४ रोजी ते मेक्सिकोच्या तामाउलिपास राज्यातील झकातोन या कुंडात ३०० मीटरपलीकडे जाण्याच्या उद्देशाने उतरले. सहकारी जिम बोडेन त्याच वेळी वेगळ्या दोरीने उतरत होते. बोडेन सुमारे २८२ मीटरपर्यंत पोहोचून परतले. एक्सली परतले नाहीत. काही दिवसांनी दोऱ्या वर ओढताना त्यांचा मृतदेह मिळाला. त्यांच्या उपकरणावर सुमारे २७५ मीटर खोलीची नोंद होती. मृत्यूचे कारण निश्चित होऊ शकले नाही. इतक्या खोलीवर साध्या बुडीच्या कितीतरी पट हवा लागते आणि वायूंचा मज्जासंस्थेवर गंभीर परिणाम होतो. मृत्यूसमयी ते ४५ वर्षांचे होते. 'कॅव्हर्न्स मेझरलेस टू मॅन' हे त्यांचे आत्मकथन १९९४ सालीच प्रसिद्ध झाले.

वारसा

गुहेत कधीही न उतरणाऱ्या पाणबुड्यांनाही एक्सली यांच्या कार्याचा लाभ झाला. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची 'इसदा' ही स्कुबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे, तर सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना उथळ पाण्यात डायव्हिंगचा अनुभव दिला जातो. अशा बुडीत उपकरणांची जबाबदारी प्रशिक्षकाकडे असते. प्रमाणपत्रासाठी शिकणाऱ्यांना मात्र हवा संपल्याची खूण करणे, जोडीदाराचा ऑक्टोपस घेणे आणि एकमेकांना धरून सावकाश वर येणे यांचा सराव करावा लागतो.