विश्लेषण : जागतिक हिपॅटायटिस दिन २८ जुलैलाच का असतो?

रक्तपेढीत रक्ताच्या प्रत्येक पिशवीची ‘हिपॅटायटिस बी’साठी तपासणी होते आणि बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत त्याची लस टोचली जाते. या दोन्हींमागे डॉ. बारूक ब्लुमबर्ग यांचे संशोधन आहे. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस.

कोण होते ब्लुमबर्ग?
जन्म १९२५, न्यू यॉर्कमधील ब्रुकलिन. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात सेवा, मग वैद्यकीय पदवी. विद्यार्थी असताना ते सुरिनामला गेले. तिथे वेगवेगळ्या वंशांच्या लोकांत हत्तीरोगाचे प्रमाण वेगळे दिसले. एकच आजार काहींनाच का जडतो, हे शोधण्यासाठी त्यांनी देशोदेशींचे रक्तनमुने जमवले.

‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ काय होते?
ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात १९६३ च्या सुमारास अनोळखी प्रथिन सापडले. अनेकांचे रक्त घ्यावे लागणाऱ्या हिमोफिलियाच्या एका रुग्णात त्याविरुद्धची प्रतिपिंडे होती.

कुष्ठरुग्णांचा संबंध काय?
हे प्रथिन निरोगी अमेरिकींत क्वचितच आढळे. फिलिपिन्समधील सेबू येथे मात्र ‘लेप्रोमॅटस’ कुष्ठरोगाच्या रुग्णांत ते इतरांपेक्षा जास्त होते. या प्रकारात कुष्ठजंतूंविरुद्धची प्रतिकारशक्ती दुबळी असते. हा आनुवंशिक गुण असावा, असा ब्लुमबर्ग यांचा अंदाज होता. पण १९६६ मध्ये डाउन सिंड्रोमच्या एका रुग्णाच्या रक्तात आधी नसलेले प्रथिन दिसले आणि त्याच सुमारास त्याच्या यकृताला सूज आल्याचेही आढळले. प्रथिन विषाणूच्या कवचाचे होते. शरीराला विषाणू हटवता आला नाही, की तो रक्तात ठाण मांडतो.

मग कुष्ठरोगामुळे हिपॅटायटिस होतो का?
नाही. हा विषाणू दूषित रक्त, पुन्हा वापरलेली सुई, असुरक्षित लैंगिक संबंध आणि प्रसूतीवेळी आईकडून बाळाला पसरतो. एकत्र जेवल्याने किंवा हात मिळवल्याने नाही. त्यामुळे रुग्णाला दूर ठेवण्याचे कारण नाही. वॉर्डात दर वेळी नवी सुई मात्र हवीच.

लस कशी आली?
वाहकांच्या रक्तातील कवच वेगळे करून लस बनवण्याची पद्धत ब्लुमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी १९६९ मध्ये मांडली. १९८१ मध्ये अमेरिकेत अशा लशीला मान्यता मिळाली. त्याआधी, १९७६ मध्ये, ब्लुमबर्ग यांना नोबेल मिळाले होते. ५ एप्रिल २०११ रोजी त्यांचे निधन झाले.