खडकी वसवणारा हबशी : मलिक अंबर



घर सोडून समुद्रापार जाणं आपल्या मुसफ्फ्यातल्या कुटुंबांना नवीन नाही. पण आपण करारावर सही करून, तिकीट काढून आलो. सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी एक तरुण आपल्या उलट दिशेने, दख्खनकडे आला तो विकला जाऊन. यावेळी त्याची ओळख करून घेऊ या.

मलिक अंबरचा जन्म साधारण १५४८ साली इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या बाजारात गेला. मोखा, बगदाद असा त्याचा प्रवास झाला. बगदादच्या मालकाने त्याला शिकवलं, कारभारात तयार केलं आणि अंबर हे नाव दिलं. १५७० नंतर त्याला दख्खनमध्ये विकत घेतलं ते निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने. तोही हबशी, आणि एके काळी गुलामच! चंगीझखान वारल्यावर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केलं.

पुढे विजापूरच्या चाकरीत त्याला 'मलिक' हा किताब मिळाला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं वाटत असताना अंबरने परांड्याला राजघराण्यातल्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि आपली मुलगी त्याला दिली. मराठा स्वारांना हाताशी धरून त्याने गनिमी काव्याने मोगलांना पाव शतक झुंजवलं. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि विजापूर यांच्या एकत्र फौजांचा पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले.

लढाईइतकंच त्याचं कारभारातलं काम मोठं. जमिनीची प्रत पाहून त्याने सारा ठरवला. १६१० मध्ये खडकी हे शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद झालं आणि आता छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने जमिनीखालून नहर काढून पाणी खेळवलं. भडकल दरवाजाही त्याचाच. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

जहांगीर बादशहाने एक चित्र काढून घेतलं होतं. त्यात तो भाल्यावर लावलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. ते चित्र आज डब्लिनला आहे. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही! अंबरच्या मृत्यूनंतर मात्र जहांगीरच्या दरबारातल्या इतिहासकाराने त्याच्या युद्धकौशल्याची मोकळेपणाने कदर केली.

घानात जन्मलेले लंडनचे दिग्दर्शक जॉन अकोमफ्रा यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८६ मध्ये 'हँड्सवर्थ साँग्ज' हा चित्रपट केला. सरळ गोष्ट न सांगता जुने बातमीपट, फोटो आणि आवाज यांचे तुकडे जोडून त्यांनी ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीयांच्या आठवणी मांडल्या. अंबरची आठवणही आपल्याला अशीच जोडावी लागते : एक नहर, एक दरवाजा, शत्रूने काढवलेलं एक चित्र, एक कबर. चापू नावाच्या मुलाला आपल्या आईची भाषा शेवटपर्यंत आठवत होती का, हे मात्र यातला कुठलाच तुकडा सांगत नाही.

आपल्या मुलांना शिवरायांच्या गोष्टी आपण सांगतोच. त्यांच्या वडिलांच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या या हबशी सेनापतीची गोष्टही सांगू या. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने आपला मुलूख राखला, हे परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना कळायलाच हवं. सुट्टीत वेरूळला गेलात तर जवळच असलेल्या खुलताबादला नक्की थांबा!