लक्ष्मीबाईंचे उघडे घर

१९०७ साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी डॉ. कीर्तिकर होते. धरणगावी १३ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाने तेथे आपली कविता म्हटली आणि सभेने त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. खानदेशाला ही हकिकत ठाऊक आहे, तिचा अभिमानही आहे. परंतु टाळ्यांनी पोट भरत नाही. पोलिसात नोकरी करणाऱ्या, बदल्यांच्या गावी फिरणाऱ्या बापाच्या या मुलाला त्यानंतर पोटच्या पोरासारखे कोणी सांभाळले, याची आठवण मात्र आपण क्वचितच करतो. ते घर अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे ते घर.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले. वडिलांचे सोवळे इतके कडक की त्याखाली सारे घर दबून गेलेले. शाळेचे तोंड पाहिले नव्हते. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झाले आणि अक्षरओळख झाली ती पतीकडून. टिळक प्रतिभावान, पण अस्थिर. एका नोकरीत किंवा एका गावात ते फार काळ टिकत नसत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पुढली काही वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. नंतर त्या पतीकडे परतल्या, तरी स्वतःचे सोवळे आणि स्वतंत्र चूल त्यांनी सोडली नव्हती. जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नव्हे, हा निर्णय त्यांच्या मनाने स्वतंत्रपणे घेतला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा.

हा क्रम महत्त्वाचा आहे. ज्या घरात परक्याची सावलीही वर्ज्य मानली जाई, तेथून आलेली बाई परक्याला आपल्या पंक्तीला बसवू लागली. लक्ष्मीबाईंच्या धर्मांतराची खरी परीक्षा प्रार्थनामंदिरात झाली नाही, ती स्वयंपाकघरात झाली.

येशूने सांगितलेली शोमरोनी माणसाची कथा सर्वपरिचित आहे. वाटेत लुटल्या गेलेल्या अनोळखी माणसाच्या जखमा त्याने बांधल्या, एवढे आपल्या लक्षात राहते. त्याने धर्मशाळेच्या चालकाला दोन नाणी दिली आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असा शब्द दिला, हा तपशील मात्र आपण विसरतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तोच भाग मोलाचा वाटतो. करुणेचा पहिला उमाळा स्वस्त असतो. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची तरतूद महाग पडते.

टिळकांच्या संसारात ही वाटणी स्पष्ट होती. टिळकांच्या हाती पैसा ठरत नसे. गरजू दिसला की खिसा रिकामा होई आणि ते वेळी-अवेळी पाहुणा घरी घेऊन येत. त्या पाहुण्याला पुरेल एवढे पीठ डब्यात आहे की नाही, हे लक्ष्मीबाईंना पाहावे लागे. त्या कुरकुरत, भांडत आणि अखेर चूल पेटवीत. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा सारा प्रपंच त्यांनी विनोदाने सांगितला आहे, उपकाराचा सूर कोठेही लागलेला नाही.

अशा घरात ठोमरे आले. स्वभावाने हळवे, चटकन रुसणारे आणि तितक्याच सहजतेने परतणारे. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली. त्या काळी मिशनच्या परोपकाराबद्दल समाजात एक संशय होता. दुष्काळात मिशनऱ्यांनी अनाथ मुलांना आश्रय दिला, तेव्हा अन्नामागे धर्मांतराचा हेतू असल्याचे बोलले जाई. हा संशय सर्वस्वी निराधार होता असे म्हणण्याचे कारण नाही, आणि तो आजही विरलेला नाही. परंतु या घरापुरते उत्तर स्वच्छ आहे. धर्मोपदेशकाच्या घरी राहिलेले, त्याच्या घासातला घास खाल्लेले ठोमरे हिंदूच राहिले, आणि त्यामुळे त्यांच्यावरच्या मायेत उणे आले नाही. मोबदल्याच्या अपेक्षेने दिलेला घास हा व्यवहार असतो. व्यवहारात गैर काही नाही, पण त्याला दया म्हणू नये.

५ मे १९१८ रोजी जळगावजवळ भादली स्टेशनानजीक आगगाडीखाली सापडून बालकवींचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. लक्ष्मीबाई त्यानंतर जवळजवळ सतरा वर्षे जगल्या. टिळकांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले आणि १९३६ साली त्यांनी देह ठेवला.

दया ही थोरामोठ्यांची किंवा धनिकांची मिरास आहे, असा आपला सोयीस्कर समज असतो. शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरात महिनाअखेरीस काय उरते, हे सर्वांना ठाऊक आहे. टिळकांच्या घरात त्याहून अधिक काही उरत नव्हते. आपल्या गावी शिकायला आलेला खेड्यातला मुलगा, कामाच्या शोधात उतरलेले परप्रांतीय कुटुंब, इस्पितळाच्या ओट्यावर रात्र काढणारे रुग्णाचे नातलग हे आपल्या दारचे अनोळखी आहेत. त्यांची जात, भाषा किंवा धर्म विचारण्याआधी ते जेवले आहेत का, एवढे विचारणे आपल्याला परवडण्यासारखे आहे. खानदेशाच्या एका मुलाला नगरच्या एका घराने जे दिले, त्याची फेड नगरला करता येणार नाही. ती पुढच्या अनोळख्यालाच करावी लागेल.