ठरीव वाटेने न जाणारा गवई

मैफलीला बसलेल्या श्रोत्याला पुढची जागा साधारण ठाऊक असते. ख्याल कोणत्या क्रमाने वाढेल, बोलताना केव्हा सुरू होतील, तान कुठून सुटेल आणि समेवर कशी येईल, याचा आराखडा जाणकाराच्या मनात तयार असतो. डॉ. वसंतराव देशपांडे गायला बसले की हा आराखडा पहिल्या काही आवर्तनांतच निकामी होत असे. एखाद्या घरातील दिवाणखाना, जमिनीवर अंथरलेली सतरंजी, दोन तंबोरे, तबला, पेटी आणि हाताच्या अंतरावर बसलेले मोजके श्रोते, एवढ्या सामग्रीवर हा कलावंत जे उभे करी, ते आधी कुणालाच सांगता आले नसते.

२ मे १९२० रोजी विदर्भातील मूर्तिजापूर येथे वसंतरावांचा जन्म झाला. बालपण नागपुरात आईच्या कष्टांच्या छायेत गेले. तेथेच शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे मिळाले. १९३५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात त्यांनी कृष्णाची भूमिका केली. चित्रपटाची ही वाट पुढे चालू राहिली असती, तर एक लोकप्रिय गायक-नट एवढीच त्यांची ओळख उरली असती. पण त्यांचे मन रागदारीकडे ओढ घेत होते.

तरुण वयात ते लाहोरला गेले आणि तेथे असद अली खाँ यांची तालीम त्यांना लाभली. खाँसाहेबांनी त्यांना मारवा हा एकच राग शिकवला. शिष्याला रागांची लांबलचक यादी न देता, एका रागात किती दिशांनी शिरता येते हे दाखवणारी ही तालीम होती. मारव्यात पंचम नाही आणि षड्जावर विसावण्याची घाईही नाही. अस्वस्थ करणाऱ्या या रागाने वसंतरावांच्या गाण्याला कायमचे वळण दिले. पुढे किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या झेपावणाऱ्या, तेजस्वी गायकीचा संस्कार तर फार आधीच झाला होता. इतक्या ठिकाणांहून घेऊनही त्यांनी कुणाचीच नक्कल केली नाही. आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, असे ते सांगत. त्यात गंमत होती आणि आत्मविश्वासही होता.

या स्वातंत्र्याची किंमत मात्र मोठी होती. पोटापाण्यासाठी ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करीत होते. दिवसा आकड्यांचे रकाने आणि रात्री गाणे, अशी ओढाताण सुमारे दोन तपे चालली. मध्ये ईशान्य सीमेवरील ‘नेफा’ भागात बदली झाली आणि मैफलींचे जग शेकडो कोस दूर राहिले. घराण्याचा शिक्का नसल्यामुळे पंडितांच्या पंक्तीत त्यांचे पान सहज वाढले जात नव्हते. त्यांची तान अनावर आहे, गाण्याला शिस्त नाही, आज रंगले तरी उद्याची खात्री देता येत नाही, असे आक्षेप घेतले जात. ते सर्वस्वी निराधार नव्हते. ठरीव वाट नाकारणाऱ्याचा पाय कधी कधी घसरणारच. पण ज्या रात्री ती धाव साधे, त्या रात्री आवर्तनाच्या भलत्याच कोपऱ्यातून उसळलेली तान अनपेक्षित स्वरांवरून झेपावत नेमकी समेवर उतरे आणि श्रोत्यांकडून नकळत दाद जाई. तबल्याची उत्तम जाण असल्यामुळे लयीशी असा खेळ त्यांना परवडत असे.

छोट्या बैठकीत हे गाणे विशेष खुले. श्रोत्याच्या चेहऱ्यावरचे कुतूहल, तबलजीचा एखादा तुकडा, पेटीवर अचानक निघालेली जागा, यांतील काहीही त्यांना नवी दिशा सुचवून जाई. पेटीवर पु. ल. देशपांडे असले, तर या देवघेवीला मैत्रीचाही रंग चढे. ख्यालानंतर ठुमरी येईल, दादरा येईल, गझल, लावणी की नाट्यपद, हे सांगता येत नसे. यांतील कोणताही प्रकार त्यांनी दुय्यम मानला नाही.

बेगम अख्तर यांनी त्यांना नोकरी सोडून केवळ गाण्याला वाहून घेण्याचा आग्रह केला होता, असे सांगितले जाते. अखेर साठच्या दशकाच्या मध्याला त्यांनी तो निर्णय घेतला. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आसपास होते. लगेच १९६७ मध्ये पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. जितेंद्र अभिषेकी यांच्या संगीताने नटलेल्या या नाटकात वसंतरावांनी खाँसाहेब आफताब हुसेन उभे केले. घराण्याची विद्या जिवापाड जपणारा, ती परक्याच्या हाती लागू न देणारा हा गवई. आयुष्यभर मिळेल तेथून घेणाऱ्या आणि कोणत्याच घराण्याचे कुंपण न मानणाऱ्या कलावंताने ती भूमिका अजरामर करावी, हा विलक्षण योग होता. उपेक्षा आणि अभिमान या दोन्ही गोष्टी त्यांना जवळून ठाऊक होत्या. खाँसाहेबांच्या दर्पाआड दडलेले दुःख त्यांना सापडले ते बहुधा त्यामुळेच. नाटकातील पदेही ते दर प्रयोगाला मैफलीसारखी फुलवीत. तेच पद पुन्हा ऐकायला येणाऱ्या रसिकाला ते नवे होऊन भेटे.

कीर्ती आली ती अशी उशिरा. १९८२ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ रोजी, ते गेले. पूर्णवेळ गाण्यासाठी त्यांना मिळाले ते जेमतेम दीड तप. नागपूरचे वसंतराव देशपांडे सभागृह आज त्यांचे नाव मिरवते. नातू राहुल देशपांडे यांनी २०२२ मधील ‘मी वसंतराव’ या चित्रपटातून आजोबांची व्यथा नव्या पिढीपुढे मांडली.

त्यांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत आणि ती पुनःपुन्हा ऐकली जातात. पण मुद्रित तान दुसऱ्यांदा ऐकताना ती कुठे जाणार हे ठाऊक झालेले असते. दिवाणखान्यात गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या श्रोत्यांना ते ठाऊक नव्हते आणि तान सुटण्याच्या क्षणापर्यंत कदाचित वसंतरावांनाही नव्हते. त्या बैठकींचे भाग्य होते ते हेच.