आडव्या-उभ्या बेरजांचा माणूस

सहामाही बॅलन्सिंगच्या रात्री फरक निघाला, की आमच्या शाखेत चहाची दुसरी किटली मागवली जाई. फरक आहे एवढे कळे. कुठे आहे, ते कळत नसे. फरकाला नवाने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, एवढीच काय ती खूण. म्हणूनच रिचर्ड हॅमिंग हा अमेरिकन गणिती मला आमच्याच टेबलावरचा वाटतो.

शिकागोत १९१५ साली जन्मलेल्या हॅमिंगला व्हायचे होते इंजिनिअर. शिष्यवृत्ती मिळाली ती शिकागो विद्यापीठाची. तिथे इंजिनिअरिंग नव्हते, म्हणून तो गणिताकडे गेला. १९४५ साली लॉस अलामोसला अणुबॉम्बची आकडेमोड करणारी यंत्रे त्याने सांभाळली आणि पुढच्या वर्षी बेल लॅबोरेटरीत आला.

तिथले रिलेवर चालणारे गणकयंत्र त्याच्या वाट्याला यायचे ते शनिवार-रविवारी. यंत्राला चूक ओळखता येई. एरवी ते थांबे आणि हजर असलेला माणूस दुरुस्ती करी. सुटीत माणूस नसे. मग यंत्र ते काम सोडून पुढचे घेई. लागोपाठ दोन सोमवारी आपले काम टाकून दिलेले पाहून हॅमिंग भडकला. यंत्राला चूक कळते, तर चुकीची जागा का कळू नये?

त्याने ० आणि १ हे आकडे चौकटीत मांडले. प्रत्येक ओळीला आणि रकान्याला एक जादा आकडा असा जोडला, की एकांची संख्या सम यावी. एक आकडा बिघडला, की एक ओळ आणि एक रकाना विषम होतो. दोन्ही मिळतात तिथे चूक. ० असेल तर १ करा, संपले! आमचीच आडवी-उभी बेरीज की! पुढे त्याने ती इतकी काटकसरीची केली, की चार आकड्यांना तीनच जादा पुरले. दोन चुका एकदम झाल्या तर मात्र ती फसते. एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुकांनी आमच्याही कित्येक रात्री खाल्ल्या आहेत.

निरोप किती आखडता येतो आणि गोंगाटातून कसा सुखरूप पोचवता येतो, याचा सिद्धांत मांडणारा क्लॉड शॅनन तिथेच काम करत होता. त्याच्या १९४८ च्या लेखात हॅमिंगच्या युक्तीचा उल्लेख आला. पेटंटच्या कामात अडकलेला हॅमिंगचा स्वतःचा लेख निघाला १९५० साली. १९६८ मध्ये त्याला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९७६ पासून तो मॉन्टरेच्या नौदल विद्यालयात शिकवू लागला. १९९७ साली निवृत्त झाला आणि १९९८ च्या जानेवारीत गेला.